दादा, खांब आणि शेवटचं आमेन

नमस्कार. या सदरात मी आजवर फक्त वाचत आलो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसत वाचत आलो. वळणावर लिफ्ट मागणारी बाई, विहिरीतून येणारा आवाज... लिहिणाऱ्यांनी माफ करावं, पण मला त्यातलं कधी काही पटलं नाही. माझी नोकरीच तशी आहे. चेन्नईजवळच्या ओरगडमला ट्रकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. एखाद्या भागाला केसाएवढी चीर सापडली तरी तिचं कारण शोधून लिहावं लागतं. 'आपोआप झालं' असं लिहायची आमच्याकडे सोय नाही. तरीही खालची हकिगत मी लिहितोय, कारण ती माझ्या सख्ख्या वडिलांच्या बाबतीत, माझ्या डोळ्यांदेखत घडली. आणि त्या वेळी मी गात होतो.

आधी घरचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. वडील शिंपी. त्यांना आम्ही दादा म्हणतो. मारुतीच्या देवळासमोर त्यांचं एका मशिनचं दुकान आहे, आणि त्या एका मशिनवर मी इंजिनियर झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. ज्यांनी ज्यांनी मला पुढे ढकललं त्यांची नावं लिहायला बसलो तर सगळं सदर त्यातच संपेल, म्हणून थांबतो.

तर दादांचं भजनी मंडळ आहे. दर शनिवारी मारुतीपुढे भजन. ज्यांनी असं भजन ऐकलंय त्यांना ठाऊक असेल, अभंग शेवटाकडे चढत जातो, टाळ आणि पखवाज अगदी टोकाला पोचतात, आणि मग सगळं एकदम थांबतं. त्या क्षणी दादा दोन्ही हात वर करून म्हणतात, "बोला, बजरंगबली की..." आणि सगळं देऊळ म्हणतं, "जय." ती थांबलेली जागा आमच्याकडे कुणी मोकळी सोडत नाही. सोडली तर भजन अर्धवट राहिलं असं समजतात. मी हे नीट बोलायला लागायच्या आधीपासून करत आलोय. इंजिनियरिंगच्या चार वर्षांत पुष्कळ गोष्टी विसरलो, पण ही सवय गेली नाही.

चेन्नईत मी वेलचेरीला राहतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये स्टॅनली अण्णा राहतात. बँकेतून रिटायर झालेले, भरदार, मिशीवाले. एका सकाळी त्यांनी माझ्या बाथरूममधून येणारी आरती ऐकली आणि टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत मला दार उघडायला लावून म्हणाले, "तंबी, एवढा खोल आवाज घेऊन तू ट्रकचे पार्ट मोजतोस? रविवारी माझ्याबरोबर यायचं." (तंबी म्हणजे धाकटा भाऊ. ते तमिळ आणि इंग्रजी मिसळून बोलतात. मी सगळ्यांचं बोलणं मराठीतच लिहितो.)

अशा रीतीने मी नुंगंबाक्कमच्या एका जुन्या चर्चमधल्या कॉयरमध्ये, म्हणजे तिथल्या भजनी मंडळात, गेलो. चाळीसेक माणसं. सगळ्यात खालच्या आवाजात गाणारे ते 'बेस', त्यांच्यात मी. संगीताचे कागद मला वाचता येत नव्हते, येत नाहीत. मी लॅटिन शब्द देवनागरीत लिहून घेतले आणि बाकी सगळं स्टॅनली अण्णांच्या आवाजाला कान लावून पाठ केलं. कॉयर चालवतात त्या बेऊला मिस. सत्तरीच्या, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, बांधा चिमणीएवढा. पण त्यांनी हात वर केला की पंखेसुद्धा हळू फिरतात असं वाटतं. मला त्यांनी कधी कमी लेखलं नाही. "तुला वाचता येत नाही, पण तू ऐकतोस. इथे अर्धे लोक वाचतात आणि ऐकत नाहीत," असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. मी त्या दिवशी घरी फोन करून हे सांगितलं होतं.

डिसेंबरात आमचा मोठा कार्यक्रम होता. दरवर्षी तीच, तीनशे वर्षांपूर्वीची एक लॅटिन स्तुती, ऑर्केस्ट्रासकट. व्हायोलिनवाले सिनेमाच्या स्टुडिओत वाजवणारे, चहाच्या वेळेला पक्के. दोन ट्रम्पेटवाले लग्नाच्या बँडमधले, त्यांना हळू वाजवा म्हटलं की वाईट वाटायचं. आणि दोन मोठे नगारे.

या स्तुतीचा शेवट असा आहे: सगळे आवाज एकामागून एक 'आमेन' म्हणत एकमेकांवर चढत जातात. चढता चढता, ट्रम्पेट आणि नगारे टोकाला पोचले की... सगळं थांबतं. एक पूर्ण आवर्तन काही नाही. शुद्ध शांतता. मग अगदी संथ, शेवटचं 'आमेन'.

आता माझं काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

पहिल्यांदा ऑर्केस्ट्राबरोबर तालीम झाली तेव्हा सगळं टोकाला गेलं, थांबलं, आणि त्या शांततेत माझा स्वच्छ, खणखणीत आवाज घुमला, "बोला..."

मिसनी हात खाली केले. "बेसमध्ये कोण काय म्हणालं?"

"मिस," स्टॅनली अण्णा म्हणाले, "त्याने मराठीत आमेन म्हटलं."

दुसऱ्या तालमीला मी जीभ दातांत धरली होती, तरी "बो" निघालाच. तालीम संपल्यावर मिसनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, काढतात. पण त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मुला, ही शांतता मला दोन वर्षांत एकदाही मिळालेली नाही. तिथे कुणी ना कुणी टाळ्या वाजवतंच. नवीन लोक असतात, त्यांना वाटतं संपलं. राव सार होते तोवर त्यांनी एकदाही वाजवू दिल्या नाहीत. माझे हात आता थरथरतात, पुढच्या वर्षी मी उभी नसेन. यंदा ती एकदा मिळू दे. तू फक्त तोंड मीट."

राव सार (इकडे सरांना सार म्हणतात) कोण, ते मी स्टॅनली अण्णांना विचारलं. "होते एक म्हातारे," ते म्हणाले. "लोकांना गप्प बसवायचे. वारले." एवढंच. हे एवढंच मला माहीत होतं, हे लक्षात ठेवा. पुढे त्याला महत्त्व आहे.

मी तोंड मिटायचा सराव केला. कारखान्याच्या बसमध्ये, कानात रेकॉर्डिंग लावून, त्या जागेला ओठ दाबून. शेजारी बसणाऱ्याने मला दाढेचा डॉक्टर सुचवला. पण जमलं. आणि नेमका त्याच आठवड्यात गावाहून फोन आला, "आम्ही येतोय. तुझं परदेशी भजन ऐकायला."

दादा येतायत याचा आनंद मला किती झाला ते कसं सांगू. दुकानाचं शटर त्यांनी माझ्या पदवीदानालासुद्धा ओढलं नव्हतं, लग्नसराई होती. आता ते स्वतः शिवलेला नवा सदरा घेऊन, आईला घेऊन, सोलापूरहून गाडीत बसले होते. आणि अडचण अशी, की माझं 'बोला' जिथून आलं ते मूळ आता चेन्नईला निघालं होतं.

घरी सोफ्यावर बसवून मी त्यांना समजावलं. "दादा, एका जागी सगळं थांबतं. पण ते संपलेलं नसतं. तिथं गप्प राहायचं."

"आरं, आपण काय येडं हाय का? सांगितल्यावर कळतं माणसाला."

मी रेकॉर्डिंग लावलं. दादा डोळे मिटून ऐकत होते, मांडीवर ठेका धरत होते. "हे समदे भांडाय लागल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले. "एक आमेन म्हणतो तवर दुसऱ्याला दम न्हाई. पण झ्याक हाय." आवाज चढत गेले, थांबले, आणि दादांचे दोन्ही हात वर गेले. "बोला, बजरंगबली की..."

"आवं, आत्ताच सांगितलं ना त्यानं," आई म्हणाली.

"हात आपसूक गेला गं."

चार वेळा लावलं. चार वेळा हात आपसूक गेला. चौथ्या वेळेला तर आईनेही "जय" म्हटलं.

स्टॅनली अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ मिशी ओढत राहिले. "त्यांना त्या वेळेपुरतं बाहेर कॉफी प्यायला न्यायचं का?"

"अण्णा, ते शेवट ऐकायलाच आलेत."

"बरं मग मर्सीला मागे बसवू. तिने पंचेचाळीस मुलांचे वर्ग सांभाळलेत, एक शिंपी सांभाळेल." मर्सी अक्का म्हणजे त्यांची बायको. ठरलं असं: दादांना बाकाच्या टोकाला, खांबाला लागून बसवायचं. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला खांब. मागच्या बाकावर मर्सी अक्का. थांबायची जागा आली की त्यांनी दादांचे खांदे दाबून धरायचे.

त्या चर्चमधले खांब म्हणजे नारळाच्या झाडाला मिठी मारावी तर हात पुरतील, इथे पुरत नाहीत, इतके जाड. आणि बाकाचं टोक खांबाला चिकटलेलं. मध्ये वहीसुद्धा सरकणार नाही. हे मी नंतर स्वतः वही घेऊन जाऊन पाहिलं आहे.

रविवारी संध्याकाळी चर्च गच्च भरलं. मी शेवटच्या रांगेत, पायरीवर, त्यामुळे मला दादा स्वच्छ दिसत होते. पांढरी टोपी, नवा सदरा, मांडीवर लाडवांचा डबा. मागच्या बाकावर शाळेच्या मुलींची रांग होती आणि तिच्यात एक रिकामी जागा. मर्सी अक्कांची. दुपारच्या पावसाने वेलचेरीत पाणी साचलं होतं आणि त्यांची शेअर ऑटो त्या पाण्यात उभी होती. स्टॅनली अण्णांना फोन आला तेव्हा मिस मंचावर चढत होत्या.

"अण्णा, आता?"

"आता प्रार्थना," ते म्हणाले. "जागा योग्य आहे."

मी कसा गायलो ते मला आठवत नाही. मिसच्या हाताकडे बघायचं सोडून मी दादांकडे बघत होतो. मध्येच एकदा ते मान वळवून खांबाकडे बघून काहीतरी बोलले. मला वाटलं, स्वतःशी बोलतायत. मग त्यांनी डबा उघडला आणि खांबाच्या बाजूला हात लांब केला. मला वाटलं, झाकण ठेवायला जागा शोधतायत.

मग शेवट आला. आमेनवर आमेन चढायला लागलं. दादा ताठ झाले. त्यांची मांडी ठेका धरू लागली, मान डोलू लागली. ट्रम्पेटवाल्यांनी मनात साठवलेलं सगळं बाहेर काढलं. नगारे... आणि मिसचे हात थांबले.

दादा उभे राहिले. दोन्ही हात वर. तोंड उघडलेलं. 'बो'चा आकार मला तिथून दिसला, कारण तो आकार माझ्याही तोंडाचा आहे.

आणि आवाज आला नाही.

त्यांचा उजवा हात, खांबाकडचा, हळूहळू खाली आला. त्याच्यामागे दादा खाली आले, शिकवलेल्या मुलासारखे बसले, आणि खांबाकडे बघून त्यांनी मान हलवली, 'बरं बरं' म्हणतात तशी. चर्चमध्ये एकही टाळी नाही, खोकला नाही. बाहेर कुठेतरी एक कावळा पानांतलं पाणी झटकत होता तेवढं ऐकू आलं. मिसचे हात हवेत होते आणि ते अजिबात थरथरत नव्हते. मग त्यांनी ते इतके सावकाश उतरवले की आम्ही शेवटचं आमेन म्हटलं का ते आपोआप झालं, मला सांगता येणार नाही. (आपोआप हा शब्द मी लिहिला. साहेबांनी वाचू नये.) तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की या भानगडीत माझं स्वतःचं तोंड मिटलेलंच राहिलं होतं.

कार्यक्रमानंतर अंगणात कॉफी होती. मी धावत दादांकडे गेलो आणि पाया पडलो. "दादा, कसं जमवलंत?"

"मी कुठं जमवलं? त्या गृहस्थांनी धरलं. कुठं गेले ते? नीट बोलणंबी झालं न्हाई."

"कोण गृहस्थ?"

"आरं, माझ्या शेजारी बसलेले. म्हातारे. चांगलं मराठी बोलत होते की. जरा जुन्या वळणाचं, पोथी वाचल्यावानी, पण मराठीच. मी हात वर केला तर त्यांनी मनगटावर दोन बोटं ठेवली, वैद्य नाडी बघतो तशी. म्हणाले, अंमळ थांबा, अजून आहे. मग माझा आवाजच निघंना."

"तुमच्या शेजारी मी होते," आई म्हणाली. "दुसऱ्या बाजूला खांब. तुम्ही सबंध वेळ खांबाशी बोलत होता. लोक बघत होते."

"खांबाला मी लाडू देईन व्हय?"

"लाडू?" आईचा आवाज बदलला. दादांना साखरेचा आजार आहे.

"त्यांना दिला. त्यांनी खाल्ला. म्हणाले, गोड फार झालंय."

"ते लाडू पाहुण्यांसाठी होते. तुम्ही खाल्ला आणि आता खांबाचं नाव सांगताय."

बेऊला मिस कॉफीचा पेला घेऊन जवळ आल्या होत्या. त्यांना दादांचे आभार मानायचे होते. हे काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी हसत हसत सगळं इंग्रजीत सांगितलं. 'मनगटावर दोन बोटं' म्हटल्यावर त्यांनी पेला कट्ट्यावर ठेवला.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी सांगितलं ते असं. राव सार कॉयरमध्ये कधीच नव्हते. फार वर्षांपूर्वी, तरुणपणी, कुणाबरोबर तरी कार्यक्रम ऐकायला आले आणि नेमक्या त्या शांततेत त्यांनीच मोठ्याने टाळ्या वाजवल्या. एकट्याने. त्याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यानंतर ते दर कार्यक्रमाला येऊ लागले. कपाळाला गंध, पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर. जो माणूस पहिल्यांदाच आलेला दिसेल त्याच्या शेजारी जाऊन बसायचे, आणि ती जागा आली की त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवायचे. कुणालाही न दुखावता. दोन वर्षांपूर्वी वारले.

"पण मिस," स्टॅनली अण्णा म्हणाले, "राव सार मराठी कुठे? राव म्हणजे तेलुगू."

"मलाही तेच वाटायचं," मिस म्हणाल्या. "माझ्याशी ते तमिळच बोलायचे." आणि त्यांनी अंगणाच्या पलीकडे उभ्या असलेल्या एका बाईंना हाक मारली. राव सारांची मुलगी. वडिलांच्या आठवणीसाठी अजूनही दर कार्यक्रमाला येतात.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या वळल्या आणि दादांशी सरळ मराठीत बोलल्या. तमिळ हेल काढून, शब्दांवर थांबत थांबत. "आम्ही पण मराठी माणसंच की. तंजावरचे. अप्पा घरात तीच बोलत होते. बाहेर कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही."

"असंच," दादा माझ्याकडे बघून म्हणाले. "हाच सूर. मी म्हटलं न्हाई?"

"लाडवाला काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"गोड फार झालंय."

बाई हसल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "सगळ्याला तेच म्हणायचे. दुधाला पण."

मी कारण शोधलं. म्हणजे खरंच शोधलं, कामावर शोधतो तसं. पुढच्या रविवारी त्या जागेवर बसून पाहिलं. खांबापलीकडून आवाज येतो का पाहिलं. मागच्या बाकावरच्या मुलींपैकी एकीची मावशी आमच्यात गाते, तिच्याकडून विचारून घेतलं. मुलगी म्हणाली, टोपीवाले आजोबा खांबाशी गप्पा मारत होते, खांब काही बोलला नाही. मी दादांना राव सारांबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. दोन बोटांचं तर मलाच माहीत नव्हतं. दादांना तंजावरला मराठी माणसं आहेत हेही ठाऊक नव्हतं, ते त्यांना त्या बाईंकडून कळलं. मनाचा खेळ म्हणावं, तर दादांचं मन असा खेळ खेळणारं नाही, ते काजं-बटणं करणारं आहे.

भीती मात्र मला वाटली नाही. आजही वाटत नाही. मला कृतज्ञतेची सवय आहे, तीच वाटते. कुणीतरी माझ्या वडिलांचं चारशे माणसांत हसं होऊ दिलं नाही, आणि मिसना त्यांची शांतता मिळाली. बेऊला मिस पुढच्या वर्षीही उभ्या राहणार म्हणतायत. एकदा मिळाली म्हणून पुन्हा हवी वाटते, असं म्हणाल्या.

दादांचा परवाच फोन होता. डिसेंबरला पुन्हा येणार आहेत. "त्या गृहस्थांच्या शेजारची जागा धरून ठेव," म्हणाले. "या खेपेला लाडवात साखर बेताची घातलीय म्हणून सांग त्यांना."

मग आईने फोन घेतला. तिला या सगळ्यावर अजून विश्वास नाही. पण ती म्हणाली, "मला त्या खांबाच्या बाजूला बसव. लाडू कोण खातं ते मी बघते."